मोडलेला खुबा आणि बाज

म्हातारं माणूस पडलं, उठता येत नाही, दुखरा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं आहे. बहुतेक वेळा खुबा मोडलेला असतो. मग ओसरीवर बैठक बसते आणि कोणीतरी म्हणतंच, "या वयात बुढीले कायले चिरफाड करता? पडू द्या बाजेवर, जुळते हाड."

हाड कधी कधी जुळतंही. पण तोवर दोन-तीन महिने बाजेवर जातात, आणि जीव घेते ती बाजच. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते, पाठीला जखमा पडतात, लघवीत जंतू शिरतात. तिशीतला गडी यातून निभावतो, ऐंशीची आजी क्वचितच. म्हणून वय जितकं जास्त, तितकी शस्त्रक्रियेची निकड मोठी.

शस्त्रक्रिया कोणती, हे हाड कुठे मोडलं त्यावर ठरतं. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो आणि त्याच्याखाली मान. गोळ्याला रक्त मुख्यतः या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळतं. मान मोडून हाड सरकलं की डहाळी मोडल्यावर संत्रं सुकतं तसा गोळा मरू शकतो. त्यामुळे वृद्धांमध्ये तो काढून धातूचा बसवतात. चांगल्या हिंडत्या-फिरत्या माणसाचा कधी पूर्ण सांधाच बदलतात. मोड मानेच्या खाली असेल तर रक्तपुरवठा शाबूत असतो. तिथे हाडाच्या पोकळीत सळई घालून किंवा पट्टी-स्क्रू लावून भागतं. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देता येते.

शक्यतो ४८ तासांच्या आत हे व्हावं. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायलाच अर्धा दिवस मोडतो, तिथल्या माणसाला हे ऐकून धडकी भरेल. पण १७ देशांतल्या २९७० रुग्णांचा एक अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि चोवीस तासांनी झालेले, यांच्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. लवकर झालेल्यांना भ्रम (भान हरपून बरळणं) मात्र कमी झाला. प्रवासातले तास भरून निघतात. लेप आणि कामट्या बांधून घालवलेले आठवडे निघत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. नातेवाईक घाबरतात, पण सारा खटाटोप त्या उभं राहण्यासाठीच असतो. घरी सोडताना हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध विचारून घ्यावं. ते बऱ्याचदा राहून जातं, आणि पुढे दुसरा खुबा मोडतो.