फड मोडला आणि शिवाराचा नकाशाच बदलला

नाशिक म्हटलं की सगळ्यांना गोदावरी आणि द्राक्षं आठवतात, पण जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाणात गेलात ना तर तिथलं पाणी गोदावरीला जातच नाही, ते मोसम आणि आरम नदीतून गिरणेला आणि तिथून तापीला जातं. माझं आजोळ मोसमच्या काठी. साल्हेर किल्ला, १५६७ मीटर उंचीचा, त्याच भागातला. लहानपणी मामासोबत पाणी भरायला गेलो की तो फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडायचा आणि पाणी आत शिरताना काळ्या मातीच्या भेगांमधून बुडबुडे यायचे, ते बघत बसायचो मी. त्या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

हे पाणी यायचं फडाचं. आता फड पद्धत म्हणजे काय तर नदीवर दगडी बंधारा, तिथून जमिनीचा उतार बघत बघत काढलेला पाट, पाटाला चाऱ्या आणि चारीतून शेतात जाणारे सारंग. पाटाखालचं सगळं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं आणि एका फडात कितीही जणांच्या जमिनी असू देत, त्या हंगामात पीक एकच, तेही सगळ्यांनी बसून ठरवलेलं. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. नाशिक-धुळ्याकडची ही पद्धत साधारण ३००-४०० वर्षं जुनी आहे, आणि मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की नदीला पाणी कमी असलं तर एखादा फड सरळ पडीक ठेवायचे. बऱ्याच जणांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची त्यामुळं टंचाई एकाच घरावर पडायची नाही. एकाच पिकाला एकाच वेळी पाणी लागतं, म्हणून ते चारीतून सलग फिरायचं, आणि पीक फडाफडांतून फिरत राहायचं त्यामुळं किडीलाही एका जागी ठाण मांडता यायचं नाही. उंचावरून बघितलं तर अख्खा फड एका रंगाचा दिसायचा, एक गव्हाचा, शेजारचा उसाचा.

मग हे मोडलं कसं? लोक म्हणतात एकी गेली. तेही झालंच, वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे पडले, पण माझ्या मते मूळ गोष्ट जमिनीखाली आहे. आपला खडक बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही, ते थांबतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींमध्ये, आणि पावसाळ्यानंतर तिथूनच हळूहळू पाझरत नदीत येतं. म्हणजे हिवाळ्यात मोसमला दिसणारं पाणी हे बरंचसं भूजलच. विजेच्या मोटारी आल्या, काठावर विहिरी वाढल्या आणि तेच पाणी नदीत पोचायच्या आधी वर उपसलं जायला लागलं. वर मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झालं, मग पाणी कधी येणार हे नदीऐवजी आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाणी कधी सोडतात त्यावर ठरायला लागलं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं फडाचं पीक का म्हणून लावावं? त्यानं ऊस लावला, कुणी डाळिंब लावलं, आणि फडाची सलगता गेली.

यात अजून एक गंमत आहे जी पटकन लक्षात येत नाही. मातीच्या पाटातून पाणी झिरपायचं, त्याला आपण वाया गेलं म्हणतो, पण खालच्या विहिरी त्याच झिरप्यावर भरायच्या! पाट बंद पडला, ठिबक आलं, एकेका शेतात पाणी वाचलं हे खरंय, पण झिरपणं कमी झालं आणि विहिरी आटल्या की माणूस बोअरकडे वळला.

आता तिथलं सॅटेलाइट चित्र उघडून बघा, बारीक बारीक तुकडे, डाळिंबाच्या ओळी, अर्ली म्हणजे लवकर येणाऱ्या द्राक्षांचे मांडव, कांद्याच्या चाळी आणि मध्ये मध्ये प्लास्टिक अंथरलेली चौकोनी शेततळी. त्यात बरीचशी विहिरीतलंच पाणी उपसून भरलेली असतात, म्हणजे जे खडकात सावलीत होतं ते उन्हात ठेवलं आणि एप्रिल-मेमध्ये त्यातलं चांगलंच उडून जातं. मी शेतकऱ्याला दोष देत नाही हं, तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा उपटाव्या लागलेली घरं मी बघितलीयत, हाताशी पाणी असणं म्हणजे काय ते त्यांना विचारा.

काही फड अजून चालू आहेत, पाटकरी अजून पाटावर जातो. मामाच्या वावरातली चारी मात्र कधीच बुजवली. दिवाळीत गेलो तेव्हा त्यानं बागेत नेऊन एक ओळ दाखवली, तिथली डाळिंबं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. म्हणाला, "इथून चारी जायची, इतक्या वर्षांचा गाळ आहे ना खाली."