परदेशात अशांतता उसळली, विमानं रद्द झाली, तर? आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

टीव्हीवर जाळपोळ दिसली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. प्रत्यक्षात पर्यटकांची गाठ दंगलीपेक्षा बंद विमानतळ, संचारबंदी आणि गायब झालेलं इंटरनेट यांच्याशीच जास्त पडते. नोव्हेंबर २००८ मध्ये आंदोलकांनी बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला, तो आठवडाभर बंद राहिला. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आधी इंटरनेट गेलं, मग संचारबंदी लागली. इराण-इस्रायल संघर्षादरम्यान २३ जून २०२५ रोजी कतारने हवाई हद्द बंद केली ती काही तासांपुरतीच. तरी दोह्यामार्गे निघालेले, त्या संघर्षाशी काडीचाही संबंध नसलेले प्रवासी भलत्याच शहरांत उतरले. म्हणून या पत्रकाचा भर अडकून न पडण्यावर, आणि पडलोच तर निभावून नेण्यावर आहे.

निघण्यापूर्वी

आपल्या परराष्ट्र खात्याची त्या देशाविषयीची सूचना वाचा आणि तिथल्या आपल्या दूतावासाकडे नोंदणीची सोय असेल तर नाव नोंदवा. तारखा ठरवताना मतदान आणि निकालाचे दिवस टाळता आले तर उत्तम. बहुतेक वेळा काही होत नाही, पण व्हायचं असेल तर तेव्हाच होतं.

प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्या. अशांततेची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्याच घटनेसाठी सहसा चालत नाही, कारण ती घटना तोवर ‘माहीत असलेली’ ठरते. पॉलिसीत दोन गोष्टी शोधून वाचा: युद्ध आणि नागरी अशांतता वगळली आहे का, आणि सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागात संरक्षण चालू राहतं का. एजंट तोंडी काय म्हणाला याला दाव्याच्या वेळी किंमत नसते. हे आम्हालाही लागू आहे, म्हणून आमच्याकडून लेखी मागून घ्या.

पासपोर्ट, व्हिसा, पॉलिसी, हॉटेलचा पत्ता आणि चार महत्त्वाचे फोन नंबर कागदावर असू द्या. फोन बंद पडला की त्यातले नंबर पाठ नसतात, हे तेव्हाच कळतं. त्या शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. स्थानिक चलनाच्या सुट्या नोटा आणि थोडे डॉलर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण गडबडीत आधी एटीएम रिकामी होतात आणि कार्डाची यंत्रं इंटरनेटवरच चालतात.

गडबड सुरू झाल्यावर

बाहेर असाल तर गर्दीच्या उलट दिशेने, पण न धावता, आडव्या रस्त्याने निघा. बघायला थांबू नका आणि पोलीस, लष्कर किंवा तपासणी नाक्याचे फोटो तर मुळीच काढू नका; काही देशांत तेवढंही अटकेला पुरतं. निदर्शनं शांततेत चालली असली तरी त्यांत सामील होऊ नका. पर्यटक व्हिसावर आलेल्याला त्यासाठी थेट देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. अश्रुधूर आला तर डोळे चोळू नका, वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून धुरातून बाहेर पडा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवा.

हॉटेलात असाल तर सहसा तिथेच थांबणं बरं. खोली रस्त्याकडची असेल तर आतली मागा, पाणी भरून ठेवा, फोन आणि पॉवर बँक चार्ज करा. हॉटेल म्हणजे अभेद्य किल्ला मात्र नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत एका बड्या हॉटेललाच आग लावली गेली. सरकारी इमारती, पक्ष कार्यालयं किंवा निदर्शनांचा चौक शेजारी असेल, तर रस्ते मोकळे असतानाच दुसरीकडे हला.

घरी निरोप द्यायच्या दोन ठरावीक वेळा आधीच ठरवा. इंटरनेट बंद असलं तरी साधा एसएमएस किंवा हॉटेलचा लँडलाइन कधी कधी चालतो.

थांबायचं की निघायचं?

विमान सुटणार असल्याची खात्री झाल्याशिवाय विमानतळाकडे धावू नका. बंद विमानतळाबाहेरची गर्दी आणि तिथवरचा रस्ता हॉटेलपेक्षा धोक्याचे असू शकतात. पण सरकारने देश सोडण्याची सूचना दिली असेल तर व्यावसायिक उड्डाणं चालू आहेत तोवरच निघा. सरकार विशेष विमान पाठवील म्हणून थांबून राहणं हा जुगार आहे. एप्रिल २०२३ मध्ये खार्टूमचा विमानतळ लढाईत सापडला, तेव्हा हजारो परदेशी नागरिकांना आठशेहून अधिक किलोमीटर रस्त्याने पोर्ट सुदान गाठावं लागलं आणि तिथून अनेक जण जहाजाने जेद्दाला गेले.

जमिनीवरून सीमा ओलांडायची असेल तर शेजारच्या देशाचा व्हिसा आधी पाहा. ई-व्हिसा अनेकदा ठरावीक विमानतळांवरच चालतो. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर संपण्यापूर्वी मुदतवाढ मागा आणि उड्डाण रद्द झाल्याचा पुरावा जपून ठेवा.

तिकिटाचं काय?

घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर तिकिटाचे नेहमीचे नियम लागतात. विमान कंपनीने रद्द केलं तर सहसा पूर्ण परतावा किंवा दुसरं उड्डाण मिळतं. अशा वेळी अनेक कंपन्या तारीख विनाशुल्क बदलून देतात, त्यांच्या सूचनेची वाट पाहा. युरोपीय संघातून निघणाऱ्या उड्डाणांना २६१/२००४ हा नियम लागू आहे. राजकीय अस्थिरतेमुळे उड्डाण रद्द झालं तर नुकसानभरपाई सहसा मिळत नाही, पण परतावा किंवा पर्यायी उड्डाण, तसंच वाट पाहताना जेवण आणि गरज पडल्यास मुक्काम द्यावाच लागतो.

तिकिटाचा पहिला टप्पा न कळवता सोडलात तर पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. त्यामुळे दुसऱ्या शहरातून निघायचं ठरलं तर आधी आम्हाला कळवा. वेगवेगळी काढलेली तिकिटं एकमेकांना बांधील नसतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचा भुर्दंड तुमच्यावर येतो. स्वस्त पडत असली तरी आम्ही अशी जोडणी देत नाही.

दूतावासाकडून काय अपेक्षा ठेवायची?

पासपोर्ट हरवला तर बहुधा मायदेशी परतण्यापुरतं प्रवासपत्र, घरी निरोप, स्थानिक वकील-डॉक्टरांची यादी एवढं मिळतं. हॉटेलचं बिल किंवा तुरुंगातून सुटका मिळत नाही. अटक झालीच तर दूतावासाला कळवण्याची मागणी लगेच करा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाने तो हक्क दिला आहे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

वाढीव मुक्काम, टॅक्सी, औषधं यांच्या पावत्या आणि विमान कंपनीचे सगळे संदेश ठेवा. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी शक्य असेल तर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर बोला. दाव्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते आणि ती अनेकदा परतल्या दिवसापासून नव्हे, घटनेच्या दिवसापासून मोजतात.