पोपटी

पोपटी : वालाच्या ओल्या शेंगा, कंद व भाज्या मडक्यात पाण्याचा थेंबही न घालता भाजून केलेला रायगड जिल्ह्यातील हिवाळी पदार्थ. तो बहुधा रात्री, शेताच्या बांधावर किंवा घरामागच्या वाडीत, घरचे आणि शेजारपाजारचे जमवून लावतात.

भातकापणीनंतर जमिनीत उरलेली ओल आणि रात्रीचे दव यांवर वालाचे पीक येते. त्याच्या शेंगा भरल्या की, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, अलिबाग, पेण, रोहा या भागांत पोपटीचे दिवस सुरू होतात. शेंग दाण्याने भरलेली, पण हिरवी हवी. वाळू लागलेली शेंग करपते.

शेंगांइतकाच महत्त्वाचा असतो भांबुर्डीचा पाला. ही उग्र वासाची रानवनस्पती त्याच दिवसांत मोकळ्या शेतांत आपोआप उगवते. तिच्या पाल्यातला ओलावा आणि शेंगांचे अंगचे पाणी यांच्याच वाफेवर सारे शिजते. पोपटीचा खरा वासही तिचाच. म्हणून गॅसवर, कुकरमध्ये केलेल्या शेंगांना पोपटी म्हणणे पटत नाही.

मडक्याच्या तळाशी पाला दाबून बसवतात. त्यावर न सोललेल्या शेंगांचा थर, वर जाडे मीठ आणि ओवा. वाल वातूळ, म्हणून ओव्यात हात आखडता घेत नाहीत. मधल्या थरांत बटाटे, कांदे, रताळी, वांगी येतात. बटाट्याला चीर देऊन कोणी मसाला भरतात. अंडी शेंगांच्या मधोमध ठेवली म्हणजे फुटत नाहीत. मांसाहारी घरांत मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून आत जाते. शेवटी तोंडाशी पुन्हा पाला, आणि तो इतका घट्ट कोंबायचा की मडके उपडे केले तरी आतले काही हलू नये. इथे कसूर झाली तर वाफ निसटते आणि शेंगा कोरड्या पडतात.

उपड्या मडक्याभोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करतात. अर्धा-पाऊण तास जाळ सगळीकडून सारखा राहावा लागतो, त्यामुळे एक जाणता माणूस शेवटपर्यंत आगीपाशीच थांबतो. झाकण उघडून बघायची सोय नसते. तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. ते चर्रकन उडून गेले की पोपटी झाली. मग राख झटकून, पाला ओढून काढून, मडके केळीच्या पानांवर रिते करतात. पहिल्या वाफेबरोबर ओवा आणि भांबुर्डीचा वास सुटतो. शेंग दातांत धरून ओढली की दाणे तोंडात येतात. ताट-वाटीची गरज नसते, आणि गरम असतानाच संपवायची असते.

दक्षिण गुजरातेत वलसाडकडे होणारे उंबाडियू हे पोपटीचे जवळचे भावंड. तेही मडक्यात, रानपाल्यात भाजतात. मात्र त्यात पापडीच्या (वालाच्याच एका प्रकारच्या) शेंगा, रताळी, बटाटे यांना हिरव्या मिरचीचे वाटण चोळतात आणि ते चटणी-ताकाबरोबर खातात.