हिरड्याचे रसायन आणि जठरातले मांस

हिरड्याचा तुकडा चावला की जीभ खरखरीत होते आणि तोंड आवळल्यासारखे वाटते. हा तुरटपणा गोड-आंबटासारखी चव नसून स्पर्शाची जाणीव आहे: हिरड्यातील टॅनिन लाळेतल्या प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध प्रथिनांना चिकटते, त्यांचा साका होतो आणि जिभेवरचे वंगण नाहीसे होते. बाभळीच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या पाण्यात कातडे मुरवून ते कमावणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करत आले. टॅनिन कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना बांधून ठेवते, म्हणून कातडे कुजत नाही.

टॅनिन हे पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या वलयाकार रचनेच्या संयुगांच्या, कुळातले. चहा, द्राक्षाची साल, कांदा, हळद, कोकम यांतही या कुळातली निरनिराळी संयुगे असतात, आणि ती मांसाबरोबर पोटात गेली की प्रथिनांशी त्यांची गाठ पडतेच. जठरातील आम्लात मांसाच्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, आतले जलविरोधी भाग उघडे पडतात आणि पॉलिफेनॉलची वलये तिथे जाऊन बसतात. हायड्रोजन बंध ही जोडणी पक्की करतात. पुढे लहान आतड्यात, जिथे आम्लता जवळजवळ उरत नाही, काही पॉलिफेनॉलांचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन नावाची क्रियाशील संयुगे तयार होतात आणि ती प्रथिनातील लायसिन व सिस्टीन या अमिनो आम्लांशी कायमची जोडली जाऊ शकतात. पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही पाचक विकरेसुद्धा प्रथिनेच असल्याने त्यांनाही हे बंधन चुकत नाही, त्यामुळे टॅनिनचे प्रमाण फार झाल्यास पचन मंदावते. रोजच्या मिश्र आहारात मात्र ही घट किरकोळ असते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. तांबड्या मांसातील मायोग्लोबिन या लाल प्रथिनामध्ये हीम असते, म्हणजे लोहाचा अणू धरून ठेवणारे वलय. जठरात हे हीम उघडे पडते आणि मांसातल्या चरबीचे ऑक्सिडीकरण भराभर सुरू होते, म्हणजे तेल खवट होण्याची क्रिया आपल्या पोटातच घडते. इस्राएलमधील जोसेफ कॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये जठराकडे या दृष्टीने, एक रासायनिक पात्र म्हणून, पाहण्याची मांडणी केली. 2008 मध्ये त्यांच्या गटाने स्वयंसेवकांना टर्कीच्या तांबड्या मांसाचे कटलेट दिले. पाण्याबरोबर ते खाल्ल्यावर रक्तातील मॅलोनडायआल्डिहाइड, म्हणजे खवटपणातून निर्माण होणारे घातक संयुग, स्पष्टपणे वाढले. रेड वाइनमधील पॉलिफेनॉल मांसाबरोबर दिल्यावर ही वाढ बरीच रोखली गेली, आणि शिजवण्याआधीच मांस वाइनमध्ये मुरवले तेव्हा सर्वाधिक रोखली गेली. या निष्कर्षाचे श्रेय मद्याला देणे चुकीचे ठरेल, कारण काम पॉलिफेनॉलांचे आहे. आपल्याकडे मटणाला आधी हळद आणि आले-लसूण चोळून ठेवतात. या पद्धतीचीही अशीच चाचणी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

हे संरक्षण मिळण्यासाठी दोन्ही पदार्थ जठरात एकाच वेळी हवेत. लोहाच्या बाबतीत मात्र नेमके हेच आड येते. मांसातील हीम-लोहावर चहाचा परिणाम थोडा होतो, पण त्याच ताटातल्या भाकरीतले आणि डाळीतले लोह पॉलिफेनॉलांशी बांधले जाऊन न शोषताच पुढे निघून जाते. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले आहे. त्यांच्यासाठी जेवताना घेतलेला चहा आणि जेवणानंतर तासाभराने घेतलेला चहा यांतला फरक खरोखर मोठा आहे.