वेदना आणि दुःख: बैलाचं आणि आपलं

खुरांना लोखंडी पत्र्या (नाल) मारायला बैल पाडलेला ज्यानं पाहिलाय, त्याला ते डोळे विसरता येत नाहीत. चारी पाय दोरानं आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या, अंगावर थरथर. खरं तर नालबंदाचा हात नीट असेल, तर खिळा खुराच्या ज्या कडेत जातो तिथं नसा नसतात. आपण नख कापतो तसंच ते. वेदना जवळपास नाही, तरी बैल हाल सोसतोय.

वेदना आणि दुःख हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि माणसाची जनावराशी तुलना तिथंच फसते. वेदना म्हणजे शरीराला झालेली इजा जाणवणं. दुःख म्हणजे मनावरचा भार: भीती, कोंडमारा, ताटातूट. तापलेल्या तव्यावरून हात झटकन मागे येतो तो या दोन्हींच्या आधी. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. जनावरांचं सगळं तडफडणं बराच काळ याच खात्यावर टाकलं गेलं.

2003 साली लिन स्नेडन या संशोधिकेनं आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचून पाहिलं. मासे तळाच्या खडीवर ओठ घासू लागले, खाणं टाळू लागले. मॉर्फिन हे वेदनाशामक दिल्यावर हे वागणं कमी झालं. नुसत्या झटक्याचं हे लक्षण नव्हे.

‘बोलता येत नाही, म्हणजे फारसं कळत नसेल’ हा तर्क तर आपण स्वतःच्या तान्ह्यांनाही लावला होता. 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर कित्येकदा पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. डॉ. कंवलजीत आनंद यांच्या संशोधनानं 1987 च्या सुमारास ती समजूत मोडली. हे वाचलं की अजूनही पोटात कालवतं.

मग माणूस वेगळा कुठं? आपण दुःख मागेपुढे ताणतो. दहा वर्षांपूर्वीचा अपमान आजही सलतो, पुढच्या महिन्याचा हप्ता आज झोप उडवतो. बैलाला हप्ता नसतो. पण ज्या बुद्धीनं दुःख लांबतं, तीच दिलासाही देते. दाताच्या दवाखान्यात आपल्याला माहीत असतं, दहा मिनिटांत सुटका आहे. पाडलेल्या बैलाला हे कोण सांगणार? त्याच्या भीतीला शेवट दिसतच नाही. म्हणून ‘अक्कल कमी, तर दुःख कमी’ हे मला मुळीच पटत नाही. कधीकधी नेमकं उलट असतं.

सुखाचंही तसंच. उंदरांना गुदगुल्या केल्या की ते आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत चिवचिवतात, हे मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी दाखवलं. उंदीर पुन्हा त्याच हाताकडे येतात. दावं सोडलेलं वासरू शेपूट उभारून उधळतं, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पोरगी शिकून नोकरीला लागल्याचं समाधान मात्र आपलंच.

आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात वेदना आणि यातना असे दोन वेगळे शब्द आहेत. त्याच कायद्यात ठरवून दिलेल्या पद्धतीनं वेसण घालायला आणि खच्चीकरणाला सूटही आहे. तिथं भूल दिली तर वेदना आवरते. भीतीवर ते औषध नव्हे. पत्र्या मारताना धनी बैलाच्या डोक्याशी बसून मानेखालची लोंबती कातडी, म्हणजे पोळी, खाजवत राहतो, नावानं बोलत राहतो. हळूहळू थरथर कमी होते.