पग घोरतो म्हणजे गाढ झोपलाय? नाही हो!

आमच्या फोंड्यात कुणाकडेही पग (चपट्या तोंडाचा छोटा कुत्रा) बघा, घरचे कौतुकाने सांगणार, "ह्याची जातच घोरणारी, त्यात काय एवढं". कित्येक वर्षं हेच ऐकतोय आणि खरंच जीव तुटतो, कारण ते घोरणं म्हणजे श्वासासाठी चाललेली धडपड असते. पग, बुलडॉग, शिह त्झू यांचं तोंड माणसाने ब्रीडिंग करून चपटं केलं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालंच नाही, त्यामुळे नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन घशात लोंबतो आणि हवा जायला वाटच उरत नाही. जातीत कॉमन आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही ना!

त्यात आपला गोवा. कुत्रा धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो तेव्हा अंग थंड होतं, पण एप्रिल-मे मधल्या दमट हवेत ते पाणी नीट उडतच नाही आणि ह्यांना तर धापही धड टाकता येत नाही. कुत्र्याचं टेंपरेचर साधारण 38 ते 39 डिग्री सेल्सिअस असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. दुपारी मिरामारच्या किनाऱ्यावर फिरवायला नेऊ नका प्लीज, सकाळी सहालाच न्या, गळ्यात पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला, वजन वाढू देऊ नका. जीभ निळसर दिसली किंवा कोसळला तर अंगावर साधं पाणी, पंखा आणि लगेच डॉक्टर. नाकपुड्या मोठ्या करायचं ऑपरेशनही होतं, लहान वयातच विचारून ठेवा.