फुकट गेम आणि त्यासोबत दिलेला होकार

काही दिवसांपुरता एखादा गेम मोफत असतो. बटण दाबलं की तो आपल्या खात्यात जमा होतो आणि मुदत संपल्यावरही तिथेच राहतो. काही ऑनलाइन गेम-दुकानांत त्याच बटणाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा गेम घेताना तुम्ही आमच्या ऑफर आणि बातम्या ईमेलवर मिळवण्यास संमती देत आहात. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी चौकट असते, तर काही ठिकाणी ती आधीच टिक करून ठेवलेली असते. गेम घेणं ही एक गोष्ट आणि जाहिरातींना होकार देणं ही दुसरी. या दोन्ही एकाच क्लिकमध्ये आल्या त्या हळूहळू, आणि त्या पुन्हा वेगळ्या करायचा प्रयत्न अजून चालू आहे.

न मागितलेली जाहिरात मेलवर पाठवण्याचं पहिलं ठळक उदाहरण ३ मे १९७८ चं. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या मशीनच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. तक्रारी झाल्या, समजही मिळाली. त्या मेलमधून भरपूर विक्री झाली, असं मात्र थर्क पुढे अनेक वर्षं सांगत राहिले. पत्त्यांच्या यादीला पैशांत मोल असतं हे तेव्हापासूनच दिसत होतं.

गेमच्या जगात त्या यादीची गरज बराच काळ कुणाला पडली नव्हती. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला तेव्हा त्याचा पहिला भाग फुकट होता. लोकांनी तो फ्लॉपीवर उतरवून एकमेकांना द्यावा हीच निर्मात्यांची इच्छा होती. कोण खेळतंय हे त्यांना कळत नव्हतं; आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायला माणूस आपणहून येई. बदल झाला तो खात्यांमुळे. सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा डिस्क विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर खातं उघडावं लागलं. गेम खात्याला बांधला गेला आणि खातं ईमेलला. यात गैर काही नव्हतं. पावती पाठवायची, विसरलेला पासवर्ड परत द्यायचा, तर पत्ता हवाच. पण एका कामासाठी घेतलेला पत्ता दुसऱ्या कामाला वापरण्याची सोय इथेच तयार झाली.

मग दुकानांनी स्वतःच गेम फुकट वाटायला सुरुवात केली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१४ मध्ये आपल्या ओरिजिन या दुकानात अशी योजना आणली. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्सचं दुकान उघडलं ते ठरावीक काळाने एक फुकट गेम देतच. या वाटपाचा हिशेब एरवी बाहेर येत नाही, पण एपिक आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यामुळे २०२१ मध्ये तो आला. पहिल्या नऊ महिन्यांत ३८ गेमसाठी एपिकने त्यांच्या निर्मात्यांना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती मिळाली होती. म्हणजे एका नव्या खात्याचा खर्च अडीच डॉलरच्याही आत. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फुकट म्हणून मिळणाऱ्या वस्तूमागे आपल्या नावाचा कोणता भाव लावलेला असतो, ते त्यात दिसतं.

कायद्याने दोन वाटा धरल्या. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने जाहिरातीचा मेल पाठवण्याआधी संमती घेणं सक्तीचं केलं. सवलत ठेवली ती विक्रीच्या व्यवहारात पत्ता दिलेल्या ग्राहकांपुरती: त्यांना तशाच वस्तूंची जाहिरात पाठवता येते, मात्र पत्ता घेताना आणि प्रत्येक मेलमध्ये नकाराची सोय द्यावी लागते. अमेरिकेने २००३ च्या कायद्यात उलटा मार्ग घेतला. तिथे आधी विचारण्याची गरज नाही. फक्त नको म्हटल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत थांबायचं. मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला आणि मौन किंवा आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्ट झालं.

या सगळ्यात बारकाईने पाहावा असा खटला प्लॅनेट४९ चा. या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये ऑनलाइन सोडत ठेवली होती. भाग घ्यायचा तर नाव, पत्ता आणि खाली दोन चौकटी. पहिली रिकामी होती, पण ती टिक केल्याशिवाय सोडतीत प्रवेश नव्हता. ती टिक करणं म्हणजे प्रायोजकांनी तुमच्याशी संपर्क साधायला परवानगी देणं. प्रायोजकांच्या यादीत ५७ कंपन्या होत्या, आणि नको असलेली प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे वगळायची होती. दुसरी चौकट कुकीजची, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवून आपला माग काढणाऱ्या छोट्या फायलींची, आधीच टिक केलेली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने दुसऱ्या चौकटीची संमती अवैध ठरवली. पहिल्या चौकटीचा प्रश्न, म्हणजे बक्षिसाच्या बदल्यात घेतलेली संमती खरोखर मोकळ्या मनाने दिलेली असते का, तो न्यायालयाला विचारलाच गेला नव्हता, म्हणून त्यावर निकालही नाही. फुकट गेमच्या बाबतीत खरा प्रश्न तर हाच आहे.

आणि त्यावर मतं जुळत नाहीत. त्याच खटल्यात न्यायालयाला निकालाआधी स्वतंत्र मत देणाऱ्या महाधिवक्त्यांच्या मते, अशा सोडतीचा मूळ उद्देशच माहिती ‘विकणं’ हा असल्यामुळे ती देणं हाच भाग घेणाऱ्याचा मुख्य मोबदला होता. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये म्हटलं की सेवा दुसरीकडे सहज मिळण्यासारखी असेल तर ती देताना जाहिरातींना संमती देण्याची अट घालता येते. याउलट युरोपच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांनी २०१७ मध्ये, माहितीचा बाजार असेलही, तसा मानवी अवयवांचाही असतो, पण म्हणून कायद्याने अशा बाजाराला आशीर्वाद देऊ नये, असा इशारा दिला होता. माझा कल या इशाऱ्याकडे आहे. गेम देण्यासाठी जाहिरातीच्या परवानगीची काहीच गरज नसते, आणि जी गोष्ट गरजेची नाही तिच्यासाठी वेगळं विचारणं मुळीच कठीण नाही.

मेल न उघडता पडून राहिले तर बिघडलं काय, असं अनेकांना वाटतं. पण यादीतला पत्ता इनबॉक्सच्या बाहेरही वापरला जातो. २०१२ पासून फेसबुकवर जाहिरातदार आपली ईमेल यादी सांकेतिक रूपात चढवून तीच माणसं तिथे शोधू शकतात. मेल उघडला तर त्यातलं एका पिक्सेलचं अदृश्य चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येतं आणि कधी, कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडला याची नोंद करून जातं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये ही पाळत निकामी करण्याची सोय दिली.

अनसबस्क्राइब करणंही बराच काळ सोपं नव्हतं. आधी लॉगिन करा, मग कारण सांगा, मग खात्री द्या. एका क्लिकमध्ये नाव काढण्याचं तांत्रिक मानक २०१७ मध्ये आलं, पण मोठ्या प्रमाणावर पाळलं जाऊ लागलं ते २०२४ पासून, जीमेल आणि याहूने घाऊक जाहिराती पाठवणाऱ्यांना ते सक्तीचं केल्यावर. क्लिक केल्यावर दोन दिवसांत मेल थांबायला हवेत. पण थांबतात ते फक्त मेल. दुकानाकडची माहिती पुसायची तर वेगळा अर्ज करावा लागतो. जीडीपीआरने तो हक्क दिला आहे, पण खातं पुसलं की त्यात वर्षानुवर्षं जमवलेले सगळे गेमही जातात.